त्वचेचा पहारा आणि मायक्रोआरएनएचा लगाम

सोरायसिसच्या चट्ट्यातला कातडीचा तुकडा आणि कुष्ठरोगाच्या लेप्रोमॅटस प्रकारातल्या गाठीचा तुकडा, दोन्हींच्या काचपट्ट्या शेजारीशेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, तर प्रतिकारशक्तीविषयीची आपली भाबडी कल्पना तिथेच मोडीत निघते. सोरायसिसच्या काचपट्टीवर शत्रू कुठेच दिसत नाही आणि लढाई मात्र ऐन भरात असते. बाह्यत्वचा कितीतरी जाड झालेली, न्यूट्रोफिल पेशी पार वरच्या शिंगट थरापर्यंत चढून आलेल्या, जंतुनाशक प्रथिनांचा नुसता सुकाळ. माणसाच्या कातडीतले बीटा-डिफेन्सिन-२ हे जंतुनाशक प्रथिन १९९७ मध्ये पहिल्यांदा वेगळे काढले गेले तेही सोरायसिसच्या खपल्यांमधूनच, कारण तिथे ते हवे तेवढे मिळत होते. लेप्रोमॅटस गाठीत सगळे याच्या उलट. तिथे जंतू इतके की भक्षक पेशींच्या, म्हणजे मॅक्रोफेजच्या, पोटात त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असतात. पण लढाईचा मागमूस नाही. रुग्णाला ना ताप, ना खाज, ना ठणका. बाह्यत्वचेच्या पेशी, भक्षक पेशी, जंतूंची चाहूल घेणारी प्रथिने, हा सगळा सरंजाम दोन्ही रुग्णांजवळ तोच आहे. फरक आहे तो किती जोराने लढायचे आणि कुठे थांबायचे याच्या हिशेबात. हा हिशेब त्वचेत कोण ठेवतो, याचे उत्तर गेल्या वीसेक वर्षांत हळूहळू मिळत आले आहे, आणि त्या उत्तरात मायक्रोआरएनए या इवल्याशा रेणूंचा वाटा मोठा आहे. तो वाटा नेमका कशा प्रकारचा, हा या लेखाचा विषय. माझे म्हणणे एवढेच की मायक्रोआरएनए हे शस्त्रही नव्हे आणि कळही नव्हे. ती मात्रा ठरवणारी यंत्रणा आहे. आणि हे नीट ध्यानात न घेतल्यामुळेच त्याच्याविषयी आधी अतोनात आशा बाळगल्या गेल्या आणि मग तेवढीच निराशा पदरी आली.

टेक्सासमधले अर्विंग शहर डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधे आहे. लास कोलिनास आणि व्हॅली रँच या त्याच्या भागांत आता भारतीय कुटुंबे, आणि त्यांत मराठीही, मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की उपजत प्रतिकारशक्तीच्या आधुनिक विद्येतला एक निर्णायक शोध तिथून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत लागला आहे. डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्न या वैद्यकीय संस्थेत ब्रूस बॉयटलर आणि त्यांचे सहकारी एका विचित्र उंदराच्या मागे लागले होते. जंतूंच्या आवरणातले विष टोचले तर बाकीचे उंदीर मरणपंथाला लागत. या जातीच्या उंदरावर त्याचा काहीच परिणाम होत नसे. त्या बेफिकिरीचे मूळ एका जनुकातल्या दोषात, टीएलआर-४ या संवेदक प्रथिनात, आहे हे त्यांनी १९९८ मध्ये दाखवले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. टीएलआर कुळातली संवेदक प्रथिने जंतूंच्या घटकांची चाहूल घेतात आणि पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी या मुख्य नियंत्रकाला जागे करतात. मग दाहकारक द्रव्ये, जंतुनाशक प्रथिने, न्यूट्रोफिलना दिलेली हाक, हे सगळे ओघाने येते. बाह्यत्वचेच्या केरॅटिनोसाइट पेशींतही ही संवेदक प्रथिने असतात, म्हणजे कातडी स्वतःच पहारेकरी आहे. पण इथेच खरी अडचण सुरू होते. मेंदूला जंतूची भेट क्वचित घडते. कातडीवर जंतूंची वस्ती कायमची असते. प्रत्येक चाहुलीला एनएफ-कप्पा-बी जागा झाला असता तर माणूस जन्मभर भाजल्यासारखा लालबुंद राहिला असता.

मायक्रोआरएनएची ओळख थोडक्यात करून देतो, कारण २०२४ च्या नोबेलनंतर ती वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली आहे. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत लिन-४ नावाचे जनुक असे सापडवले की ज्यापासून प्रथिन बनतच नाही. बनतो तो सुमारे बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. हा तुकडा दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाला चिकटतो आणि त्या संदेशाचे प्रथिन कमी बनेल अशी व्यवस्था करतो. सात वर्षे ही कृमीपुरती गंमत मानली गेली. २००० मध्ये लेट-७ सापडला, तो माणसातही जसाच्या तसा निघाला, आणि मग शोधांची रांग लागली. माणसात खात्रीने मायक्रोआरएनए म्हणता येतील अशी जनुके काटेकोर मोजदादीत पाचशेच्या आसपास आहेत. सैल याद्यांत हाच आकडा १९०० च्या वर जातो, आणि या दोन आकड्यांतले अंतर या क्षेत्रातल्या उतावळेपणाची साक्ष देते. प्रत्येक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना चिकटू शकतो, कारण ओळख पटवायला त्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरेच पुरतात. म्हणून ‘अमुक मायक्रोआरएनएचे काम काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पेशीत आणि कोणत्या वेळी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता यातले एक उदाहरण जवळून पाहू. २००६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने मोनोसाइट जातीच्या मानवी पेशींना जंतूचे विष दिले आणि कोणते मायक्रोआरएनए वाढतात ते तपासले. त्यात मिर-१४६ए ठळकपणे वाढला. तो कोणाच्या हुकमाने वाढला? एनएफ-कप्पा-बीच्याच. आणि तो दाबतो कोणाला? ट्रॅफ-६ आणि आयरॅक-१ यांना, म्हणजे टीएलआरकडून एनएफ-कप्पा-बीकडे निरोप पोचवणाऱ्या दोन दूतांना. हाक पोचली की हाक देणाऱ्याचा आवाज कमी करण्याची तजवीज त्याच क्षणी सुरू होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत एनिको शोन्कोय, आंदोर पिवार्ची आणि मोना स्टोले यांच्या गटाने त्वचेतल्या मायक्रोआरएनएवर दीर्घकाळ काम केले आहे. तिथल्या २०१४ च्या अभ्यासात केरॅटिनोसाइट पेशींत टीएलआर-२ जागा केल्यावर मिर-१४६ए वाढला, आणि तो बाहेरून वाढवला तेव्हा पेशींनी न्यूट्रोफिलना बोलावणारी द्रव्ये कमी सोडली. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. पेशींतला मूळचा मिर-१४६ए अडवला, तर जंतूचा कोणताही घटक न देताही त्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडू लागल्या. याचा अर्थ हा लगाम घोडा उधळल्यावर ओढला जात नाही. तो सदैव थोडा ताणलेलाच असतो. निरोगी कातडीची शांतता ही अशी राखलेली शांतता आहे. २०१७ मध्ये याला उंदरांतला पुरावा जोडला गेला. मिर-१४६ए नसलेल्या उंदरांना सोरायसिससारखा दाह लवकर आणि जास्त तीव्र झाला, आणि बाहेरून मिर-१४६ए दिल्यावर तो शमला.

कातडीवरचे जंतूही या लगामाला हात घालतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा आपल्या सगळ्यांच्या अंगावर सुखाने नांदणारा जंतू. त्याच्या आवरणातल्या लिपोटायकोइक आम्लाने केरॅटिनोसाइटमध्ये मिर-१४३ वाढतो आणि मिर-१४३ खुद्द टीएलआर-२ लाच कमी करतो, असे २०१६ च्या एका चिनी अभ्यासात दिसले. परिणामी मुरुमांशी नाते असलेल्या जंतूने भडकवलेला दाह मंदावतो. म्हणजे घरातला भाडेकरू पहारेकऱ्याला सांगतो की जरा दमाने घे. यात भाडेकरूचा स्वार्थ आहेच, पण घरमालकाचेही भले आहे. साबण, जंतुनाशक द्रावणे आणि प्रतिजैविक मलमे यांचा अतिरेक कातडीला का मानवत नाही याचे एक कारण इथे असू शकते; मात्र या एका अभ्यासावरून साबण टाकून देण्याचा सल्ला देणे हा शहाणपणा होणार नाही.

याच्या जोडीला त्वचेची भिंत स्वतः उभी राहण्यातही मायक्रोआरएनए लागतात. मायक्रोआरएनए घडवणारे डायसर हे विकर उंदरांच्या बाह्यत्वचेतून २००६ मध्ये काढून टाकले तेव्हा केसांची मुळे खाली उतरण्याऐवजी वर फुगली. दोन वर्षांनी कळले की त्यातला मिर-२०३ हा मूळ पेशींना ‘आता वाढ पुरे, शिंगट व्हा’ असे सांगणारा असतो. जखमेत येणाऱ्या न्यूट्रोफिलांचे प्रकरण तर फारच उद्बोधक आहे. मिर-१४२ नसलेल्या उंदरांच्या जखमांतून स्टॅफिलोकोकस ऑरियस हटतच नाही, कारण न्यूट्रोफिलना नीट सरकता येत नाही. उलट मिर-२२३ काढून टाकला तर तोच जंतू जास्त लवकर साफ होतो. एकाच पेशीत, एकाच शत्रूपुढे, एक मायक्रोआरएनए हवा आणि दुसरा नको. डॅलसमध्येच लोरा हूपर आणि तामिया हॅरिस-ट्रायॉन यांनी २०१९ मध्ये दाखवले की कातडीतले एक जंतुनाशक प्रथिन अ जीवनसत्त्वावर अवलंबून असते. हे काम मायक्रोआरएनएचे नव्हे, पण कातडीची शस्त्रे आहारातल्या जीवनसत्त्वांशी बांधलेली असतात, हे सूत्र पुढे कामी येईल.

आता मराठी वाचकाच्या सर्वांत जवळच्या रोगाकडे वळू. कुष्ठरोगाचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे. मुंबईत वडाळ्याला १८९० पासून उभे असलेले अॅकवर्थ कुष्ठरुग्णालय, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी उभे केलेले कुष्ठधाम, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन, ही नावे घराघरांत माहीत आहेत. ज्या हॅरी अॅकवर्थ साहेबांच्या नावाने ते रुग्णालय ओळखले जाते, त्यांनीच शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या साथीने मराठी पोवाडे गोळा करून छापले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईत बसून कुष्ठरोगात मज्जातंतू आणि कातडी यांचे काय होते याचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्यांच्याच परंपरेतल्या परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात कुष्ठरोगाच्या लसीचे प्रयत्न झाले. या सगळ्यांपुढचे कोडे एकच होते. तोच जंतू एका माणसात एकदोन बधिर चट्टे देऊन अडतो आणि दुसऱ्याच्या अंगभर पसरतो, हे का? पहिला तो ट्युबरक्युलॉइड प्रकार, दुसरा लेप्रोमॅटस. जंतू तोच असल्यामुळे उत्तर माणसाच्या प्रतिकारातच शोधावे लागणार होते.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने या कोड्याचा एक तुकडा २०१२ मध्ये सोडवला. त्याआधी, २००६ मध्ये, त्यांनी दाखवले होते की क्षयाच्या जंतूंच्या घटकांनी टीएलआर जागे झाले की मानवी भक्षक पेशी ड जीवनसत्त्वाच्या निष्क्रिय रूपापासून सक्रिय रूप स्वतःच्या आत बनवतात. ते बनवणारे विकर म्हणजे सीवायपी-२७बी-१. सक्रिय ड जीवनसत्त्वाच्या हुकमाने कॅथेलिसिडिन आणि बीटा-डिफेन्सिन ही जंतुनाशके तयार होतात. २०१२ मध्ये त्यांनी दोन प्रकारच्या कुष्ठरोग्यांच्या चट्ट्यांतले मायक्रोआरएनए ताडून पाहिले, तेव्हा तेरा मायक्रोआरएनएंचे प्रमाण वेगळे आढळले. लेप्रोमॅटस चट्ट्यांत मिर-२१ वाढलेला होता. कुष्ठरोगाच्या जंतूची लागण झालेल्या मोनोसाइटमध्ये, आणि त्या जंतूच्या एका खास ग्लायकोलिपिडनेही, तो वाढत होता. मिर-२१ ने सीवायपी-२७बी-१ दाबला, आयएल-१ बीटा हे दाहकारक द्रव्य दाबले, आणि आयएल-१० हे शमन करणारे द्रव्य वाढवले. मिर-२१ अडवल्यावर त्याच लागण झालेल्या पेशींत जंतुनाशके पुन्हा बनू लागली आणि जंतू मारण्याची ताकद परत आली. माझ्या मते त्वचेच्या संसर्गात मायक्रोआरएनएचा सहभाग दाखवणारा हा आजवरचा सर्वांत भरीव पुरावा आहे. रुग्णांच्या कातडीपासून तो सुरू होतो, पेशींमधल्या यंत्रणेपर्यंत पोचतो, आणि शेवटी जंतू मरतो की नाही या प्रश्नावर येऊन थांबतो. बहुतेक अभ्यास पहिल्या पायरीवरच अडतात. जंतूने इथे कोणतेही शस्त्र मोडले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. त्याने यजमानाच्याच घरातला लगाम ओढला. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मुबलक ऊन असूनही भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, म्हणून कुष्ठरुग्णाला गोळ्या द्याव्यात असे कोणाला सुचेल. पण सक्रिय रूप बनवणारे विकरच दाबले गेले असेल, तर कच्चा माल वाढवून भक्षक पेशीत फार फरक पडेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

अर्विंगच्या वाचकाने हा रोग मागे ठेवून आलेल्या देशाचा आहे असे समजू नये. टेक्सासच्या माळरानांवर, आणि डॅलसच्या आसपासच्या ओढ्याकाठीही, नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो फिरतो. तो टेक्सासचा अधिकृत ‘छोटा सस्तन’ राज्यप्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान कमी असल्यामुळे कुष्ठरोगाच्या जंतूला तो मानवतो. हा जंतू अजून कोणत्याही परीक्षानळीत वाढवता आलेला नाही, म्हणून १९७१ मध्ये आर्माडिलोत तो वाढतो हे कळल्यावर संशोधकांना मोठा आधार मिळाला. २०११ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले रुग्ण आणि रानातले आर्माडिलो यांच्यात जंतूचा एकच वाण आढळला, तेव्हा हा रोग तिथे प्राण्याकडून माणसाकडेही येतो हे स्पष्ट झाले. मुळात तो आर्माडिलोला माणसानेच, युरोपातून येताना, दिलेला. अमेरिकेत वर्षाला दीडशे-दोनशेच नवे रुग्ण आढळतात. भारताने २००५ मध्ये निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले, तरी आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आहेत.

या सगळ्या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला आकाराचा. २००८ मध्ये दोन गटांनी मायक्रोआरएनएचा परिणाम थेट हजारो प्रथिनांवर मोजला. तेव्हा दिसले की एखादा मायक्रोआरएनए बहुतेक प्रथिने अगदी थोडीच कमी करतो, निम्म्यावरही क्वचितच आणतो. इतक्या मामुली फरकाने रोग ठरतो यावर विश्वास कसा ठेवायचा? माझे उत्तर असे की फरक कुठे पडतो यावर सगळे अवलंबून आहे. कृष्णा पात्राबाहेर पडण्याच्या बेतात असताना कोयनेचे दरवाजे फूटभर उघडले की दोन फूट, यावर सांगलीत पाणी शिरते की नाही हे ठरते. पात्र कोरडे असते तेव्हा त्याच एका फुटाची कोणी नोंदही घेत नाही. एनएफ-कप्पा-बीचे जागे होणे असेच उंबरठ्यावर घडते. शिवाय मिर-१४६ए एकाच वाटेवरच्या दोन दूतांना एकाच वेळी दाबतो, त्यामुळे दोन लहान परिणामांचा गुणाकार होतो. म्हणूनच अनेक मायक्रोआरएनए नसलेले उंदीर पिंजऱ्यात ठणठणीत दिसतात आणि जखम, जंतू किंवा दाह वाट्याला आल्यावरच कोलमडतात. या रेणूंची किंमत पुराच्या दिवशी कळते.

दुसरा आक्षेप मला जास्त त्रासदायक वाटतो. चट्ट्याचा तुकडा घेतला की त्यात केरॅटिनोसाइट असतात, तसेच बाहेरून घुसलेले लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल, भक्षक पेशीही असतात. सोरायसिसच्या चट्ट्यात मिर-२२३ वाढलेला दिसला, तर याचा अर्थ कदाचित इतकाच की तिथे न्यूट्रोफिलांची गर्दी झाली आहे. ‘अमुक रोगात अमुक वीस मायक्रोआरएनए वाढलेले’ अशा याद्या छापणाऱ्या असंख्य निबंधांवर हा आक्षेप लागू पडतो आणि त्यांतला बराच भाग रद्दीत घालायला हरकत नाही. २००७ च्या पहिल्या सोरायसिस अभ्यासात शोन्कोय आणि सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखून कोणता मायक्रोआरएनए कोणत्या पेशीत असतो ते आधी तपासले. मिर-२०३ जवळजवळ केवळ केरॅटिनोसाइटमध्येच आढळला आणि सॉक्स-३ या शमन करणाऱ्या प्रथिनाला तो दाबतो असे दिसले, म्हणून तो निष्कर्ष टिकला. शिवाय वाढलेला रेणू दोषी असतोच असे नाही. सोरायसिसमध्ये मिर-१४६एही वाढलेला असतो, पण तो दाह वाढवत नाही. तो आवरायला धावलेला असतो आणि कमी पडतो. उंदरातून तो काढल्यावर रोग बळावला, म्हणून हे आपल्याला ठाऊक. नुसत्या यादीवरून कोणी त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असते.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीच्या मुळावर येतो. लेप्रोमॅटस कुष्ठरोगात वाढणारा मिर-२१ सोरायसिसमध्येही वाढलेला असतो. लेखाच्या सुरुवातीला परस्परविरुद्ध म्हणून ठेवलेल्या दोन काचपट्ट्यांवर एकच रेणू वाढलेला! मग लगाम म्हणायचे कशाला? २०१४ च्या एका युरोपीय अभ्यासाने याचा उलगडा केला. केरॅटिनोसाइटमध्ये मिर-२१ टिम्प-३ या प्रथिनाला दाबतो. टिम्प-३ हा स्वतःच एका विकराला अडवणारा, आणि ते विकर मोकळे झाले की टीएनएफ हे दाहकारक द्रव्य पेशीपासून सुटे होते. त्या अभ्यासात रुग्णांची कातडी उंदरांवर रुजवून मिर-२१ अडवला तेव्हा सोरायसिस निवळला. भक्षक पेशीत शस्त्र दाबणारा तोच रेणू बाह्यत्वचेत शमन करणाऱ्याला दाबतो आणि दाह पेटवतो. तेव्हा ‘लगाम’ हा शब्द मी रेणूसाठी वापरत नाही, त्या पेशीतल्या सगळ्या जोडणीसाठी वापरतो, हे इथे स्पष्ट केलेले बरे. मिर-२१ दाहाच्या बाजूचा की विरोधी, या प्रश्नाला अर्थच नाही. या आक्षेपाने मात्रेची कल्पना ढासळत नाही. ढासळते ती एक रेणू, एक रोग, एक औषध ही कल्पना.

औषधांच्या कहाणीने हेच शिकवले, तेही टेक्सासमध्येच. ऑस्टिनच्या मिर्ना थेरप्यूटिक्स या कंपनीने मिर-३४ए ची नक्कल असलेले एमआरएक्स-३४ हे औषध २०१३ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांवर तपासायला घेतले. अशा प्रकारचे हे पहिलेच औषध. २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण काही रुग्णांना प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम झाले आणि मृत्यूही ओढवले. शिरेतून सर्वांगभर पाठवलेला आरएनए कोणकोणत्या पेशींत जाऊन काय करील याचा हिशेब कोणाच्याच हातात नव्हता. शिवाय बाहेरून आलेला दुपदरी आरएनए हा विषाणूची खूण समजला जातो. त्याची चाहूल घेणारी टीएलआर प्रथिने आपल्या पेशींत मुळातच बसलेली आहेत. या बाबतीत कातडीचे एक भाग्य आहे. औषध चट्ट्यातच टोचता येते, डोळ्यांनी परिणाम दिसतो, तुकडा काढून तपासता येतो. डॅलसच्या एरिक ओल्सन यांनी २००८ मध्ये हृदयातल्या व्रणांशी मिर-२९ चे नाते दाखवले. ते ज्या मिराजेन कंपनीच्या संस्थापकांपैकी होते तिने मिर-२९ ची नक्कल निरोगी स्वयंसेवकांच्या कातडीतल्या छोट्या छेदांत टोचली, आणि व्रण घडवणारी जनुके मंदावलेली २०१९ मध्ये दिसली. तरीही वस्तुस्थिती अशी की आरएनएवर आधारलेली दुसऱ्या जातीची औषधे २०१८ पासून बाजारात आली, मायक्रोआरएनएचे एकही औषध अजून मंजूर झालेले नाही. डॅलसच्याच जोशुआ मेंडेल यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये पेशी नको असलेले मायक्रोआरएनए स्वतः कशी मोडीत काढते त्याची एक यंत्रणा उलगडली. माझा कल तिकडे आहे. बाहेरून लगाम आणून बांधण्यापेक्षा पेशी तो केव्हा आणि कशी सोडते हे त्वचेत तपासावे. आणि ते तपासण्यासाठी लागणारे रुग्ण, निदान करणारे हात आणि जतन केलेले तुकडे जितके मुंबईत आणि विदर्भात आहेत तितके टेक्सासमध्ये कधीच नसतील. डॅलसची यंत्रे आणि वडाळ्याच्या काचपट्ट्या एकत्र आणण्याइतके मराठी संशोधक दोन्हीकडे निश्चित आहेत.

तोवर कुष्ठरोगात लगाम एकाएकी सुटला तर काय होते हे आपल्याला औषधाविनाही माहीत आहे. उपचार सुरू असताना, कधी संपल्यावरही, काही रुग्णांची गप्प बसलेली प्रतिकारशक्ती अचानक जागी होते. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची किंवा गुडघ्याजवळची नस ठणकते. याला रिअॅक्शन म्हणतात, आणि कुष्ठरोगातले हातापायांचे पंगुत्व बरेचसे यातूनच येते. जंतूंपेक्षा स्वतःच्या बचावाने नसा लवकर जळतात. मिर-२१ अडवून भक्षक पेशींना मोकळे सोडू पाहणाऱ्या कोणत्याही भावी औषधाला आधी हा धोका पार करावा लागेल. आज हाती असलेला इलाज त्यामानाने साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमाइन यांच्या गोळ्या सहा किंवा बारा महिने घ्यायच्या. त्या भारतात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, आणि अमेरिकेतही राष्ट्रीय हॅन्सन रोग कार्यक्रमातर्फे या रोगाची औषधे विनामूल्य पुरवली जातात. लागण आणि लक्षण यांत पाच वर्षे सहज जातात, कधी वीसही. अमेरिकेतल्या बहुतेक डॉक्टरांनी हा रोग प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. म्हणून न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा चट्टा अंगावर असेल, तर अर्विंगमधल्या मराठी माणसाने आपण कोणत्या जिल्ह्यात वाढलो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. आणि उपचार चालू असताना चट्टे सुजले किंवा नस ठणकू लागली, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.